काट्याची साक्ष

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर अ‍ॅल्युमिनियमचे एक जुने पातेले उपडे ठेवलेले असते. त्यात कोणी चहा करत नाही की भात शिजवत नाही. अम्मीने त्यावर लाल रंगाने ‘बोटीचे’ असे लिहून ठेवले आहे. घरी आलेले पाहुणे विचारतात, आणि आम्ही हसून विषय बदलतो. कारण त्या पातेल्याची गोष्ट सांगायची तर आमच्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागते. यंदा मात्र ती सांगून टाकायची, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले आहे.

आम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे. अब्बा हयात असताना बोट त्यांची होती आणि तांडेल होते मामू. मामू म्हणजे अम्मीचे लांबच्या नात्यातले भाऊ. बोट हाकणारे तेच आणि इंजिन सांभाळणारेही तेच. सव्वीस वर्षे ते अब्बांबरोबर दर्यावर गेले. अब्बांच्या इंतकालानंतर बोट आमच्याकडे आली. आमच्यातला थोरला बारा वर्षे कुवेतला नोकरी करून परतला होता. धाकटा बंदरावर राहून बर्फ, डिझेल, लिलाव आणि हिशेब पाहत होता. दर्याचे खरे ज्ञान आम्हा दोघांकडेही नव्हते. ते मामूंकडे होते. आज हे जितक्या सरळपणे लिहितो आहोत, तितक्या सरळपणे तेव्हा आम्ही ते कबूल केले नसते.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवतात, आणि वर्षभराची दुरुस्ती याच दोन महिन्यांत उरकतात. त्या पावसाळ्यात आम्ही तळ खरवडून रंगवला, जाळी तुणून घेतली आणि इंजिनाचा तापमान दाखवणारा मीटर बदलला. जुन्या मीटरची काच खाऱ्या हवेने आंधळी झाली होती आणि काटा एकाच जागी अडकला होता. मीटर एका दुकानातून आणला. त्याच्याबरोबर लागणारा सेन्सर त्या दुकानात नव्हता, म्हणून तो दुसरीकडून घेतला. दुकानदाराने जुना सेन्सर हातात घेतला, नव्याशी आटे जुळवून पाहिले आणि म्हणाला, “बरोबर बसेल.” तो बसलाही. मीटरच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता. तो आम्ही न वाचताच कपाटाच्या खणात टाकला.

ज्यांच्या घरी बोट नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या इंजिनात दोन पाणी फिरतात. एक गोडे, कूलंट मिसळलेले. ते इंजिनाच्या आतच फिरत राहते आणि त्याची उष्णता उचलते. दुसरे समुद्राचे. रबरी पात्यांचा पंप ते खालून खेचतो, हीट एक्सचेंजरच्या नळ्यांतून नेतो आणि बाहेर टाकतो. त्या नळ्यांपाशी गोड्या पाण्याची उष्णता खारे पाणी घेऊन जाते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गोड्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी ठराविक तापल्याशिवाय ती उघडत नाही. त्या झडपेजवळच सेन्सर बसवलेला असतो. तिथून एक वायर केबिनपर्यंत जाते आणि मीटरचा काटा हलतो. आमच्या इंजिनाचे पाणी चालत्या बोटीत ८० अंशांच्या आसपास राहते. शंभराच्या पुढे गेले तर जिवाला घोर. इंजिन भर दर्यात जाम झाले तर बोट लाटांच्या स्वाधीन होते, आणि इंजिनाचा खर्च तर वर्षभर फिटत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या फेरीत बंदराच्या तोंडातून बाहेर पडून तासभर झाला नाही तोच काटा १०५ वर जाऊन उभा राहिला.

थोरला केबिनमध्ये होता. तो ओरडला, “मामू, इंजिन तापलंय!” मामूंनी वेग कमी केला, खाली उतरले, दोन मिनिटांत वर आले. म्हणाले, “पाणी बरोबर पडतंय. वाफ नाही, वास नाही. आवाजही नेहमीचा आहे. इंजिन तापलेलं नाही.”

“मग हा काटा काय सांगतोय?”

“ते काट्याला ठाऊक.”

आम्हाला ते उत्तर उद्धट वाटले. आम्ही बोट परत फिरवायला लावली. बर्फ वितळला, डिझेल जळले, हाती काही आले नाही. बंदरावर मेकॅनिक बोलावला. त्याने पंपाची रबरी पाती बदलली. दुसऱ्या फेरीत पुन्हा १०५. पुन्हा माघारी. मग हीट एक्सचेंजर उघडून नळ्या साफ केल्या. तिसऱ्या फेरीत पुन्हा तेच. मग थर्मोस्टॅट नवा घातला. त्याच आठवड्यात शेजारच्या बोटी बांगड्याने भरून येत होत्या, आणि आमचे खलाशी जेट्टीवर बसून होते. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तोंडावर आला होता.

पैसा जाऊ लागला की माणूस कारण शोधतो, आणि कारणापेक्षा माणूस लवकर सापडतो. आम्ही आपसांत बोलू लागलो. मामू बोट जास्त रेटत असतील. जाळीत अडकलेला कचरा काढत नसतील. कूलंट पुरेसे भरत नसतील. अब्बांच्या वेळी असे होत नव्हते. रोज रात्री या बोलण्यात एक एक वाक्य वाढत गेले. मामूंना यातले काहीच आम्ही विचारले नाही. आम्हाला मीटरचा काटा साक्षीदार वाटत होता. काट्याला ना नाते, ना स्वार्थ. तो खोटे कशाला बोलेल?

चौथ्या फेरीतून परत आलो त्या दिवशी जेट्टीवर, खलाशांच्या आणि लिलावाला आलेल्या बायाबापड्यांच्या देखत, आम्ही मामूंना म्हणालो, “अब्बा होते तेव्हा इंजिन असं तापत नव्हतं. मालक बदलला म्हणून काम सैल झालं का?”

हे वाक्य आमच्यातल्या कोणाचे होते हे आम्ही आजवर कोणाला सांगितले नाही, आणि सांगणारही नाही. एक बोलला तेव्हा दुसरा गप्प होता. म्हणजे ते दोघांचेच.

मामू काही बोलले नाहीत. जाळ्यावर ठेवलेला डबा उचलला, टॉवेल खांद्यावर टाकला. जाताना “अस्सलामु अलैकुम” म्हणाले आणि चढण चढून मोहल्ल्याकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते बंदरावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

आम्ही दुसरा ड्रायव्हर आणला. मोठा सावध माणूस. त्याने बोट इतक्या हळू नेली की खलाशी जांभया देऊ लागले. तरी तासाभरात काटा १०५ वर. त्याने वेग आणखी कमी केला. काटा जागचा हलला नाही.

त्या रात्री जेवताना कोणी कोणाशी बोलत नव्हते. अम्मीने भाकरी वाढता वाढता विचारले, “माणूस बदललात. काटा बदलला का?”

आम्ही मान खाली घातली.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही काट्याचं ऐकत होता. त्याला एकदा तरी तपासलंत?”

आमच्या भाबी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. थोरल्याची बायको, धाकट्याची भाबी, म्हणून घरात सगळेच त्यांना भाबी म्हणतात. त्या म्हणाल्या, “शाळेत प्रयोग चुकला तर आम्ही मुलांना रागवायच्या आधी मोजमापाचं साधन तपासतो. तुमचा मीटर मोजतो कसा, ते आधी मला सांगा.”

आम्हाला सांगता येईना. बारा वर्षे परदेशात यंत्रांमध्ये काढलेल्या थोरल्यालाही येईना. मग खणात टाकलेला तो कागद शोधला.

कागदावर एक छोटा तक्ता होता. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला ओहम. भाबींनी समजावून सांगितले. सेन्सरच्या पोटात असा पदार्थ असतो की तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. मीटरला तापमान दिसत नाही. त्याला फक्त हा विरोध जाणवतो आणि त्यावरून तो अंश दाखवतो. आमच्या मीटरला ६० अंशांवर सुमारे १३४ ओहम, ८० वर ६९, आणि १०० वर ३८ ओहम देणारा सेन्सर हवा होता. भाबी म्हणाल्या, “हा मीटर त्याच्याच जोडीच्या सेन्सरची भाषा समजतो. दुसऱ्याचा बसवला तर तो ऐकेल, पण अर्थ भलताच लावेल. मीटर एका दुकानाचा, सेन्सर दुसऱ्या दुकानाचा. यांची भाषा एक आहे का, हे कोणी पाहिलं?”

दुकानदाराने आटे जुळवले होते. भाषा कोणीच जुळवली नव्हती.

सकाळी बोटीवर जाऊन आधी दोन सोप्या तपासण्या केल्या. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली आणि सेन्सरवरची वायर काढली. काटा तळाला गेला. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवली. काटा वरच्या टोकाला पोहोचला. याचा अर्थ मीटर जिवंत होता आणि वायर मधे कुठे तुटलेली नव्हती की कुठे घासून इंजिनाला लागलेली नव्हती. वायर काढूनही काटा वरच राहिला असता तर दोष वायरीत शोधावा लागला असता. केबिनचे दिवे लावून-बंद करूनही पाहिले. दिव्यांबरोबर काटा उडी मारत असेल तर मीटरची अर्थिंग सैल आहे असे समजतात. आमचा काटा हलला नाही. राहिला सेन्सर.

मधेच धाकट्याने हौसेने करोनाच्या दिवसांत घेतलेला कपाळाला लावायचा थर्मामीटर आणून गरम इंजिनावर धरला. त्याने एकदा टूं केले आणि पडद्यावर ‘हाय’ एवढेच दाखवले. माणसाच्या तापासाठी केलेले यंत्र बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जाणार कसे? खलाशी मनसोक्त हसले. कित्येक दिवसांनी बोटीवर हसू ऐकले.

इंजिन थंड करून सेन्सर काढला आणि घरी आणला. त्याची जागा बुचाने बंद केली. अम्मीने ते पातेले दिले आणि सांगितले, “हे आता परत माझ्या भातासाठी येणार नाही.” भाबी मुख्याध्यापिकांना विचारून प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर घेऊन आल्या. गॅसवर पाणी ठेवले. सेन्सर तारेने असा टांगला की तो तळाला टेकू नये आणि त्याचे वरचे टोक पाण्यात बुडू नये. मल्टिमीटरची एक पिन सेन्सरच्या टोकाला, दुसरी त्याच्या पितळी अंगाला.

पाणी उकळू लागले तेव्हा भाबींनी आधी थर्मामीटर पाहिला. ९९ आणि १०० च्या मधे. म्हणाल्या, “आधी हा खरा आहे का ते पाहिलं. समुद्रसपाटीला गोडं पाणी १०० अंशांना उकळतं. महाबळेश्वरला हेच पाणी पाच-चार अंश आधीच उकळलं असतं. तुमचं घर समुद्राकाठी आहे, म्हणून एक खात्रीचा आकडा तुम्हाला चुलीवर फुकट मिळतो.”

मग मल्टिमीटर. तक्त्याप्रमाणे ३८ ओहम हवे होते. आकडा होता १९.

गॅस बंद केला आणि पाणी निवत जाईल तसे आकडे लिहीत गेलो. ८० अंशांना ६९ हवे होते, आले ३५. ६० अंशांना १३४ हवे होते, आले ६७. भाबींनी दोन रकाने शेजारी शेजारी लिहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. प्रत्येक आकडा बरोबर निम्मा होता.

काही मोठ्या बोटींवर एका इंजिनाला दोन मीटर असतात, एक खाली आणि एक वर. त्यांच्यासाठी वेगळा सेन्सर मिळतो आणि त्याचा विरोध निम्मा ठेवलेला असतो. आटे तेच, आकार तोच, रंगही जवळपास तोच. आम्हाला तोच दिला गेला होता. आम्ही लावला होता एकच मीटर. पाणी ८० अंशांवर असताना सेन्सर ३५ ओहम सांगत होता, आणि तक्त्यात ३५ शोधले तर ते १०० च्या पुढे, १०५ च्या जवळपास येत होते. इंजिन पहिल्या दिवसापासून ८० वरच चालले होते. मामूंनी जे सांगितले होते तेच.

पातेल्यातून वाफ येत होती आणि आम्ही दोघे तिच्याकडे पाहत उभे होतो. पाती, नळ्या साफ करण्याची मजुरी, थर्मोस्टॅट, चार फेऱ्यांचे डिझेल आणि बर्फ. हा सगळा खर्च मोजता येत होता. जेट्टीवर बोललेले वाक्य मोजता येत नव्हते.

मगरीबनंतर आम्ही मामूंच्या घरी गेलो. मामू ओट्यावर बसून जाळे विणत होते. आम्ही भाबींचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. सगळे सांगितले. शेवटी म्हणालो, “मामू, चूक आमची. आम्हाला माफ करा.”

त्यांनी तक्ता नीट पाहिला. आकड्यांवरून बोट फिरवले. म्हणाले, “तुमच्या भाबीनं चांगलं काम केलं.” मग बराच वेळ फक्त सुई चालली.

“मी त्या दिवशी रागावलो नाही,” ते म्हणाले. “मला वाईट वाटलं ते वेगळ्याचं. तुमचे अब्बाही मीटर बघायचे. काटा वेडावाकडा दिसला की खाली येऊन माझ्या शेजारी बसायचे आणि विचारायचे, तुला काय वाटतं? तुम्ही विचारलंत नाही. तुम्ही सांगितलंत.”

आम्हाला वाटले, आता ते म्हणतील की मीटर बिनकामाचा, हाताने कळते तेच खरे. तसे ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “मीटर हवाच. माझ्या हाताला इंजिन गरम आहे इतकंच कळतं. ८० ला हात भाजतो आणि १०० लाही भाजतो. मधलं अंतर हाताला कळत नाही. त्या दिवशी मी ‘तापलेलं नाही’ म्हणालो ते पाणी, वाफ, वास आणि आवाज मिळून. पण मीही मीटर तपासून घ्या असं म्हणायला हवं होतं. ‘ते काट्याला ठाऊक’ म्हणालो, ती माझी अढी.”

मग त्यांनी अट घातली. “माफी घरात मागितलीत, अल्लाह कबूल करो. पण बोललात ते जेट्टीवर. खलाशी माझ्या हाताखाली काम करतात. उद्या दर्यात मी ‘जाळं तोडा’ म्हणालो तर त्यांनी विचार न करता तोडायला हवं. त्यांच्या मनात माझ्याबद्दल शंका राहिली तर मी बोट नेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, लिलावाची वेळ असताना, आम्ही जेट्टीवर उभे राहून खलाशांना आणि जमलेल्यांना सांगितले की दोष सेन्सरचा होता, तो आम्ही आणला होता, आणि मामूंबद्दल जे बोललो ते खोटे होते. चार वाक्ये होती. बोलायला एक मिनिटही लागले नाही. पण त्या मिनिटाला जेट्टी किती लांब वाटली, ते आम्हालाच माहीत. मामूंनी डबा जाळ्यावर ठेवला आणि म्हणाले, “चला, भरती उतरेल.”

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही ती लिहायला घेतली नसती. पुढे जे झाले त्याने आम्हाला जास्त शिकवले.

तक्त्याप्रमाणे योग्य सेन्सर मागवला. या वेळी आधी पातेल्यात उकळला. १०० ला ३८, ८० ला ६९. अगदी बरोबर. आमच्यातल्या धाकट्याने तो स्वतः बसवला. पाणी झिरपू नये म्हणून आट्यांना पांढऱ्या टेपचे चार घट्ट वेढे दिले. फेरी सुरू झाली. तासाभराने काटा ६५ वर स्थिर झाला.

आम्ही खूश. केवढे थंड इंजिन! नळ्या साफ केल्याचा फायदा झाला, पैसे वाया गेले नाहीत, असे आम्ही एकमेकांना सांगू लागलो. मामूंनी काटा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे खरं वाटतंय तुम्हाला?”

“का? चांगलंच आहे की.”

“नवा थर्मोस्टॅट बसवला तेव्हा त्यावर कोरलेला आकडा वाचला होता का?”

वाचला होता. ७६.

“म्हणजे ७६ अंश होईपर्यंत झडप बंद. पुढचा होज तोवर थंड राहणार. आता खाली जा आणि त्या होजला बोट लावून बघा.”

थोरला खाली गेला. बोट लावले आणि झटकन मागे घेतले. होज चटका बसेल इतका तापला होता. म्हणजे झडप उघडली होती. म्हणजे पाणी ७६ च्या वर होते. मग ६५ कसे असेल?

बंदरावर आल्यावर बर्फाच्या कारखान्यातल्या मेकॅनिककडून लांबून तापमान मोजणारी बंदूक आणली आणि बोट जेट्टीला लावूनच इंजिन चालवले. चकचकीत पितळेवर ती फसते, कमी दाखवते, म्हणून झडपेच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजले. ८० च्या जवळ. काटा तेव्हाही ६५ वरच होता. मग इंजिन बंद करून, वायर काढून, मल्टिमीटरची एक पिन सेन्सरच्या पितळी अंगाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली. तिथे जवळपास शून्य ओहम यायला हवे होते. चाळीसच्या वर येत होते.

गुन्हेगार ती पांढरी टेप होती. आमच्या सेन्सरला एकच वायर असते. विजेची परतीची वाट सेन्सरच्या आट्यांमधूनच इंजिनात जाते. धाकट्याने ती वाट टेपने गुंडाळून टाकली होती. सेन्सर खरे ६९ सांगत होता, वाटेत चाळीसेक ओहम वाढत होते, आणि मीटर शंभराच्या वरचा आकडा ऐकून ‘थंड’ म्हणत होता. टेप काढली, आटे तारेच्या ब्रशने चमकवले, सेन्सर पुन्हा घट्ट बसवला. पुढच्या फेरीत काटा ८० वर जाऊन थांबला. आजही तो तिथेच असतो.

मामू म्हणाले, “जास्त दाखवणाऱ्या मीटरने तुमचे पैसे घेतले. कमी दाखवणाऱ्या मीटरने बोट घेतली असती.” मग त्यांनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही सगळ्या बोटवाल्यांना सांगतो. कुठे गळती होऊन गोडे पाणी कमी झाले आणि सेन्सर पाण्याऐवजी रिकाम्या जागेत राहिला, तर आत इंजिन भाजत असताना काटा खाली येऊ शकतो. म्हणून काटा अचानक खाली आला तर हायसे वाटून घेऊ नये. इंजिन थांबवून, पूर्ण निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी. गरम असताना झाकण कधीही उघडू नये, आतली वाफ तोंडावर येते. मामूंच्याच सांगण्यावरून आम्ही भोंग्याचा वेगळा स्विचही बसवला. त्याचा मीटरशी, त्याच्या वायरीशी आणि त्याच्या सेन्सरशी संबंध नाही. एक चुकला तर दुसरा बोलेल.

त्या ६५ च्या काट्याबद्दल आम्ही पुष्कळ विचार केला. १०५ दिसले तेव्हा आम्ही ते लगेच खरे मानले, कारण त्यात दोष दुसऱ्याचा निघत होता. ६५ दिसले तेव्हाही लगेच खरे मानले, कारण त्यात शाबासकी आमची होती. दोन्ही वेळा काटा चूक होता आणि दोन्ही वेळा तपासायचे आमच्या मनात आले नाही. मीटरमध्ये दोष होते तसे ऐकणाऱ्यांतही होते. आपल्या मनात आधीच असलेले कोणी बोलून दाखवले की त्याची साक्ष आपण तपासत नाही, मग तो काटा असो, मोबाइलवर आलेला निरोप असो की शेजारणीने कानात सांगितलेली गोष्ट असो.

आता दर वर्षी बंदीच्या महिन्यात, बोट शाकारून झाली की सेन्सर आणि थर्मोस्टॅट काढून घरी आणतो. अम्मी फळीवरून पातेले काढून देते. भाबी थर्मामीटर आणतात, आणि मुलांना आकडे लिहायला बसवतात. गेल्या वर्षीपासून मामूही येतात. ते ओट्यावर बसून चहा पितात आणि आतून आकडा ऐकला की तक्त्यावर बोट ठेवून पाहतात.

भाबींच्या अक्षरातला तो तक्ता आता केबिनमध्ये मीटरशेजारी चिकटवला आहे. काटा इकडचा तिकडे झाला की थोरला ओरडत नाही. तो खाली उतरतो, मामूंच्या शेजारी बसतो आणि विचारतो, “मामू, तुम्हाला काय वाटतं?”